सुझॅनाचं जंगल, कॅथरीनची फुलं

एक भाऊ, दोन बहिणी, एकच जंगल आणि पुस्तकं तीन! कॅनडाच्या पीआरचा फॉर्म भरण्याआधी स्ट्रिकलंड कुटुंबाची ही गोष्ट वाचाच...

कुठल्याही ऑफिसातल्या लंच टेबलवर जाऊन बसा. पोळीभाजीचे डबे उघडेपर्यंत कॅनडाचा विषय निघालेला असतो. कुणाचे पॉइंट्स किती झाले, आयएल्ट्सला किती बँड पडले, कुणाचा कन्सल्टंट चांगला, कुणाचा चालू. टेबलावर एखादा तरी असा असतोच, ज्याचा भाऊ 'तिकडे' आहे आणि म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. 'माझा भाऊ सांगतो ना, एकदा तिथे पोचलं की सगळं होतं...'

हे वाक्य ऐकलं की मला सॅम्युएल स्ट्रिकलंड आठवतो. तोही असाच 'तिकडचा भाऊ' होता. फक्त त्याचं 'तिकडे' जाणं १८२५ सालचं. पॉइंट्सची पद्धत यायला अजून १४२ वर्षं होती. एक्स्प्रेस एन्ट्री नव्हती, विमान नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅप तर नव्हतंच. बाकी मात्र सगळं तेच होतं. एजंट होते, चकचकीत माहितीपत्रकं होती, 'मुलांच्या भविष्यासाठी' हे कारण होतं आणि घरी काय कळवायचं, काय नाही हा प्रश्नही होता.

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण सॅम्युएलच्या मागोमाग त्याच्या दोन बहिणी त्याच जंगलात गेल्या, आणि दोघींनी तिथून लिहिलेलं वाचलं तर त्या एकाच देशात राहत होत्या यावर विश्वास बसणार नाही!

घर मोठं, खिसा रिकामा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या सफोकमध्ये रेडन हॉल नावाची हवेली होती. थॉमस स्ट्रिकलंड यांनी ती १८०८ साली घेतली. सहा मुली, दोन मुलगे, हाताशी नोकरचाकर. मुलींनी शिकावं असं वाटणारा हा बाप त्या काळाच्या मानानं वेगळाच म्हणायचा. पण धंद्यात खोट आली आणि १८१८ साली थॉमसराव गेले. मागे राहिली हवेली, तिच्या भिंतींची ओल आणि लग्नाच्या वयाच्या हुंड्याविना मुली.

आपल्याकडच्या पडक्या वाड्यांची आठवण झाली ना? बाहेरून पाटीलकी, आत चुलीला लाकूड नाही!

मुलींनी मग लेखणी हातात घेतली. हौस होतीच, आता गरजही होती. सहापैकी पाच जणी लेखिका झाल्या. थोरल्या एलिझाबेथ आणि ॲग्नेस यांनी मिळून इंग्लंडच्या राण्यांची चरित्रं लिहिली. १८४० ते १८४८ या काळात त्याचे १२ खंड निघाले आणि ते जोरात खपले. कव्हरवर नाव मात्र एकट्या ॲग्नेसचं, कारण एलिझाबेथला प्रसिद्धी नको होती. धाकट्या दोघी म्हणजे १८०२ सालची कॅथरीन आणि १८०३ सालची सुझॅना. एक हसरी, फुलापानांत रमणारी. दुसरी तापट, हळवी, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी.

या दोघींच्या पाठचा सॅम्युएल विशीत कॅनडाला निघून गेला. तिथे एमा ब्लॅकशी त्याचं लग्न झालं, पण वर्षभरातच बाळंतपणानंतर ती गेली. खचून परत येण्याऐवजी तो तिथेच राहिला. पुढे मेरी रीड नावाच्या आयरिश सेटलर कुटुंबातल्या मुलीशी त्यानं दुसरं लग्न केलं. कॅनडा कंपनी या जमिनी विकणाऱ्या कंपनीत तीनेक वर्षं नोकरी केली, जंगल तोडून गाव कसं वसवायचं ते शिकला, आणि १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला डूरो नावाच्या भागात सरोवराकाठी स्वतःची जमीन घेऊन बसला. आज तिथे लेकफील्ड हे गाव आहे. टोरांटोहून ईशान्येला गाडीनं साधारण दोन तासांवर.

१८३२चे कन्सल्टंट

नेपोलियनबरोबरची युद्धं १८१५ साली संपली आणि ब्रिटनमध्ये हजारो लष्करी अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. घरची जमीन थोरल्या भावाकडे जाणार, धाकट्यानं करायचं काय? सरकारनं तोडगा काढला. जा कॅनडात, घ्या फुकट जमीन! लेफ्टनंटच्या हुद्द्याच्या माणसाला चारशे एकरपर्यंत जमीन मिळत असे. पुण्या-मुंबईत वन बीएचकेसाठी वीस वर्षं हप्ते भरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा वाचूनच गरगरेल.

शिवाय एजंट होतेच. विल्यम कॅटरमोल नावाचा एक गृहस्थ सफोक परिसरात फिरून कॅनडावर भाषणं ठोकत असे. १८३१ साली त्याचं पुस्तकही निघालं. हवा उत्तम, जमीन सुपीक, मजुरी चांगली, कर कमी... आजच्या कुठल्याही इमिग्रेशन सेमिनारमधली स्लाइड काढा, मजकूर फारसा बदलावा लागणार नाही.

सुझॅनाचं लग्न १८३१ साली जॉन मूडी या अर्धपगारी अधिकाऱ्याशी झालं. लग्नाआधी लंडनमध्ये असताना तिनं एक मोठं काम केलं होतं. मेरी प्रिन्स ही बर्म्युडातली गुलाम स्त्री आपली कहाणी सांगत गेली आणि सुझॅनानं ती लिहून घेतली. त्याच वर्षी ते पुस्तक छापून आलं आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गाजलं. दुसऱ्याचं दुःख कागदावर कसं आणायचं हे ती तिथे शिकली असावी. पुढे स्वतःचं आणायची वेळ आली!

मूडीसाहेब आधी दक्षिण आफ्रिकेत राहून आले होते. त्यांना पुन्हा तिकडे जायचं होतं. पण सुझॅनाला जंगली जनावरांची भयंकर भीती. शेवटी तडजोड म्हणून कॅनडा ठरलं. आणि कॅनडात सॅम्युएल होताच की. 'माझा भाऊ सांगतो ना...'

कॅथरीननं १८३२च्या मे महिन्यात थॉमस ट्रेल या विधुराशी लग्न केलं. तोही अर्धपगारी अधिकारी, मूडीसारखाच स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचा. त्याच उन्हाळ्यात दोन्ही जोडपी वेगवेगळ्या जहाजांनी निघाली. मूडींबरोबर काही महिन्यांची केटी होती. त्या वर्षी युरोपातून आलेल्या कॉलऱ्यानं कॅनडात थैमान घातलं होतं. सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस इल बेटावर नुकतंच क्वारंटाइन स्टेशन उघडलं होतं. २०२० नंतर या शब्दाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. मॉन्ट्रियलला पोचल्यावर कॅथरीनला कॉलरा झालाच. त्यातून ती वाचली आणि मग भावाच्या जंगलाकडे निघाली.

कुऱ्हाड, हिवताप आणि इर्जिक

चारशे एकर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हिरवंगार शेत येतं. प्रत्यक्षात होतं ते गच्च जंगल. आधी झाडं पाडायची, ओंडके ओढून रचायचे, जाळायचे. खुंट जमिनीतच राहणार, ते कुजायला वर्षं लागणार. त्या खुंटांच्या मधल्या मातीत गहू, बटाटे, मका. घर म्हणजे ओंडके एकावर एक रचून फटी मातीनं लिंपलेल्या. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली. उन्हाळ्यात डास आणि हिवताप. होय, हिवताप! त्या काळात ओंटारियोत थंडीताप घरोघरी होता आणि ट्रेल कुटुंबानंही तो भरपूर सोसला.

ज्यांचं आयुष्य बंदूक आणि पुस्तकं हाताळण्यात गेलं, त्या 'साहेब' मंडळींचं इथे काही चाललं नाही. आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेला साधा मजूर पाच वर्षांत उभा राहायचा. कारण त्याचे हात तयार होते. साहेबांना मात्र मजूर लावायलाच पैसे लागायचे आणि पैसे तर नव्हतेच.

मग एकच मार्ग उरायचा. सगळ्या शेजाऱ्यांना बोलवा, एका दिवसात काम उरका आणि त्यांच्या कामाला तुम्ही जा. तिकडे त्याला 'बी' म्हणत. आपल्याकडे गावात ज्याला इर्जिक म्हणतात, अगदी तेच. आपल्या इर्जिकीत जेवणावळ असते, तिथे जेवणाबरोबर व्हिस्कीही वाहायची. मूडींनी अशाच एका इर्जिकीला ३२ माणसं बोलावली होती. सुझॅना आणि तिची मोलकरीण दोन दिवस आधीपासून रांधत होत्या. काम किती झालं आणि भांडणं किती झाली याचा हिशेब सुझॅनानं नंतर फार तिखट शब्दांत मांडलाय.

मूडी कुटुंब आधी कोबर्ग गावाजवळच्या तयार शेतावर राहिलं होतं. तिथले शेजारी रोज काहीतरी उसनं मागायला यायचे. चहा, पीठ, भांडी, कपडे... आणि परत कधीच द्यायचे नाहीत. त्याला कंटाळून १८३४च्या फेब्रुवारीत ते सॅम्युएल आणि कॅथरीनजवळ डूरोच्या जंगलात आले. त्याच सुमाराला जॉनरावांनी आयुष्यातला सगळ्यात वाईट आर्थिक निर्णय घेतला. लष्करातला हुद्दा, म्हणजे दर वर्षी येणारा हमखास अर्धा पगार, विकून टाकला आणि ती रक्कम आगबोटीच्या शेअरमध्ये घातली. शेअर बुडाले. पेन्शन मोडून 'टिप'वर पैसे लावणारे लोक आपल्याही ओळखीत असतातच!

मग सुरू झाली खरी ओढाताण. कॉफी परवडेना, तेव्हा सुझॅनानं डँडेलियन या रानफुलाची मुळं खणली, तुकडे केले, भाजून कुरकुरीत केली, दळली आणि कॉफी केली. पाल्याची भाजी. मांस नसेल तेव्हा खारी. एकदा भर थंडीत नवरा घरी नसताना छपरानं पेट घेतला. तिनं कपाटाचे ड्रॉवर उपसले, एकेका ड्रॉवरमध्ये एकेक मूल पांघरुणात गुंडाळून ठेवलं आणि ते ओढत बाहेर बर्फात नेले. मग सामान वाचवायला परत आत. शेजारी धावून आले आणि घर कसंबसं वाचलं.

नवऱ्याला न सांगता लिहिलेलं पत्र

१८३७च्या डिसेंबरात अप्पर कॅनडात सरकारविरुद्ध बंड झालं. जॉन मूडी सरकारच्या बाजूनं लढायला गेले. जंगलात लहान मुलं, कर्ज आणि सुझॅना. गंमत म्हणजे पैशांच्या दृष्टीनं हे बंड या घराला वरदान ठरलं, कारण पगार सुरू झाला! पण बंड शमलं की पगारही जाणार.

तेव्हा सुझॅनानं नवऱ्याला अजिबात न सांगता थेट लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांना पत्र लिहिलं. परिस्थिती सांगितली आणि नवऱ्याची लष्करातली नोकरी चालू राहावी अशी विनंती केली. उत्तर आलं ते नियुक्तीच्या रूपात. आधी पगारवाटप अधिकारी आणि मग १८३९ साली बेलव्हिल इथे शेरीफ. कुऱ्हाडीनं सात वर्षांत जे झालं नाही, ते एका पत्रानं झालं.

१८४०च्या पहिल्या दिवशी ती मुलांना घेऊन बर्फातून स्लेजमध्ये बसून जंगलाबाहेर पडली. आणि निघताना तिला रडू आलं! ज्या घराला सतत शिव्या दिल्या ते सोडताना... भाड्याची खोली सोडताना आपलंही असंच होतं की.

शहरात सुख वाट बघत होतं असंही नाही. बेलव्हिलचं घर वर्षभरात जळालं. १८४४ साली पाच वर्षांचा जॉनी नदीत बुडून गेला. ही जखम तिची कधीच भरली नाही.

जंगल एक, पुस्तकं तीन

कॅथरीनचं 'द बॅकवुड्स ऑफ कॅनडा' १८३६ साली लंडनमध्ये आलं. घरी लिहिलेल्या पत्रांच्या रूपातलं. त्यात कष्ट आहेत, पण तक्रार नाही. पाखरं, नेचे, रानफुलं, साखरेच्या मेपलचा रस आटवण्याची कृती, शेजाऱ्यांचे स्वभाव. वाचणाऱ्याला वाटावं, अरे, थोडं अवघड आहे, पण जमेल की!

सुझॅनाचं 'रफिंग इट इन द बुश' आलं १८५२ साली. तिनं सगळं सांगितलं. उपासमार, उधारी, दारुडे शेजारी, फसवे एजंट, स्वतःची भीती आणि स्वतःचा ताठाही. शेवटी ती वाचकाला बजावते की खानदानी पण खिसा हलका असलेल्या माणसानं या जंगलाच्या वाटेला जाऊ नये, आणि हे वाचून एखादं कुटुंब जरी थांबलं तरी माझे श्रम सार्थकी लागले.

पुस्तक तिनं बहीण ॲग्नेसला अर्पण केलं होतं. राण्यांची चरित्रं लिहून लंडनच्या बड्या लोकांत वावरणाऱ्या ॲग्नेसला धक्काच बसला. आपली सख्खी बहीण बटाटे खणते, खारी शिजवते हे जगजाहीर? पुढच्या आवृत्त्यांतून अर्पणपत्रिका गेली.

आणि लगेच दुसऱ्या वर्षी, १८५३ साली, तिसरं पुस्तक आलं. 'ट्वेंटी-सेव्हन इयर्स इन कॅनडा वेस्ट', लेखक सॅम्युएल स्ट्रिकलंड. कष्ट करा, फळ मिळेल, मला बघा, असा सूर. संपादन कुणाचं? ॲग्नेसचं! योगायोग म्हणाल? मला नाही वाटत. फॅमिली ग्रुपवर एकीनं खरं लिहिलं की दुसऱ्यानं लगेच हसरा फोटो टाकायचा, त्याचीच ही एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती.

तिन्ही पुस्तकं मी पाठोपाठ वाचली, तेव्हा आधी सुझॅना खरी आणि बाकी दोघं सारवासारव करणारे असं वाटलं. पण सॅम्युएलचं खोटं नव्हतं. त्याचं शेत उभं राहिलं, गावात चर्च झालं, इंग्लंडहून आलेली मुलं त्याच्याकडे शेती शिकायला राहू लागली, त्याच्या मुलांनी लाकडाच्या व्यापारात जम बसवला. तो विशीत, हातानं काम करायच्या तयारीनं आला होता. बहिणी तिशीला टेकलेल्या, अर्धपगारी नवरे घेऊन आल्या होत्या. भावाचा सल्ला भावापुरता बरोबर होता. एवढंच.

आणि हसऱ्या कॅथरीनचं काय? खरं तर तिचं आयुष्य सुझॅनाहून खडतर गेलं. ट्रेलनी १८३९ सालीच शेत विकलं. नवरा खिन्नतेनं ग्रासलेला. नऊ मुलं झाली, त्यातली दोन तान्हेपणीच गेली. १८५७ साली राइस लेकजवळचं घर जळून खाक. १८५९ साली नवरा गेला. पुस्तक गाजलं, पण तिच्या पदरात फारसं पडलं नाही. जिनं तक्रार केली ती शेरीफची बायको होऊन शहरात गेली. जिनं तक्रार केली नाही ती कायम तंगीत राहिली!

पण कॅथरीनचं हसणं नाटक नव्हतं असं मला ठामपणे वाटतं. तिच्यासाठी बघणं हेच जगण्याचं साधन होतं. १८५४-५५ साली तिनं नव्यानं येणाऱ्या बायकांसाठी 'द फीमेल एमिग्रंट्स गाइड' लिहिलं. पावासाठी यीस्ट कसं धरायचं, साबण-मेणबत्त्या कशा करायच्या, कोणतं बी कधी पेरायचं. 'जाऊ नका' किंवा 'या, मजा आहे' यापेक्षा 'आलाच आहात तर हे असं करा' असं सांगणारी ती तिसरी वाट होती.

जमीन फुकट, पण कुणाची?

या तिन्ही पुस्तकांत एक शेजार सारखा डोकावतो. मिसिसागा लोकांचा. हे अनिशिनाबे समाजातले मूळ रहिवासी. ते या घरांत यायचे, मासे, हरणाचं मांस, बुरुडकाम द्यायचे, बदल्यात पीठ वगैरे न्यायचे. कॅथरीन त्यांच्या बायकांकडून झाडांची नावं आणि उपयोग विचारून घ्यायची. सुझॅनानं त्यांच्या सभ्यपणाचं कौतुक केलं, तेही जरा उंच पाटावर बसूनच.

सरकार जी जमीन फुकट वाटत होतं ती या शेजाऱ्यांची होती. १८१८ साली झालेल्या २० क्रमांकाच्या करारात राइस लेक परिसरातली सुमारे १९ लाख ५१ हजार एकर जमीन ब्रिटिश सरकारनं घेतली. मोबदला काय, तर वर्षाला ७४० पौंडांच्या वस्तू. हिशेब करून बघा, एकरामागे वर्षाला एका पेनीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. १९२३च्या विल्यम्स करारांनंतर तर त्यांना शिकारीचे, मासेमारीचे हक्कही नाकारले गेले. त्याबद्दल २०१८ साली, म्हणजे पहिल्या करारानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, सात फर्स्ट नेशन्सशी समझोता झाला. १११ कोटी कॅनेडियन डॉलर आणि सरकारची जाहीर माफी. त्या सातांपैकी कर्व्ह लेक हा समाज लेकफील्डपासून जवळच राहतो.

टोरांटोला लागून असलेलं मिसिसागा शहर तुम्हाला माहीत असेलच. आपल्यापैकी कुणाचा ना कुणाचा चुलतभाऊ, मेव्हणी, कॉलेजची मैत्रीण तिथे राहते. ते नाव याच लोकांवरून आलंय. पत्त्यात रोज लिहायचं नाव... पण ते कुणाचं, हे किती जणांना ठाऊक असतं?

पाच हजार पानं, हातानं रंगवलेली

हे सगळं दुःख-कष्टाचंच आहे असं वाटत असेल, तर थांबा. मला या घराण्याचा सर्वांत आवडता भाग आता येतोय.

सुझॅनाची मुलगी ॲग्नेस १८३३ साली कॅनडातच जन्मली. मावशीचंच नाव. १८६५ साली ती विधवा झाली, पदरात मुली. कमावणं भाग होतं. तिनं शिलाछपाईची कला शिकून घेतली आणि रानफुलांची चित्रं काढली. मजकूर लिहिला दुसऱ्या मावशीनं, म्हणजे आपल्या कॅथरीननं. १८६८ साली 'कॅनेडियन वाइल्ड फ्लॉवर्स' हे देखणं पुस्तक निघालं. ५०० प्रती, प्रत्येकीत १० चित्रं. रंगीत छपाई नव्हती, म्हणून पाच हजार पानं घरीच हातानं रंगवली गेली. मुलीही मदतीला बसल्या.

ज्या जंगलातून सुझॅना सुटून आली, त्याच जंगलातली फुलं तिची लेक आणि नाती रंगवत होत्या! आईला ते जंगल तुरुंग वाटलं. मुलीला ती नुसती आपल्या देशातली फुलं वाटली. मला वाटतं, स्थलांतर पूर्ण होतं ते इथे. कागदावर सही झाली तेव्हा नाही, पासपोर्ट बदलला तेव्हाही नाही.

पुढची पिढी याहून पुढे गेली. ॲग्नेसची मुलगी जेराल्डिन मूडी हिनं हातात कॅमेरा घेतला. १८९५ साली तिनं क्री लोकांच्या सूर्यनृत्य विधीचे फोटो काढले आणि १९०४-०५ साली हडसन उपसागरावर इनुइट लोकांचे. आजी कलमानं माणसं टिपायची, नात लेन्सनं.

सुझॅना १८८५ साली टोरांटोत गेली. कॅथरीननं वयाच्या ८३व्या वर्षी कॅनडातल्या वनस्पतींवर मोठं पुस्तक काढलं, ९२व्या वर्षी आणखी एक, आणि १८९९ साली लेकफील्डमध्ये ९७ वर्षांची होऊन ती गेली. मार्गारेट ॲटवूडनं १९७० साली सुझॅनाच्या तोंडून बोलणाऱ्या कवितांचं पुस्तक लिहिलं, मार्गारेट लॉरेन्सच्या १९७४च्या 'द डिव्हायनर्स' कादंबरीची नायिका मनातल्या मनात कॅथरीनशी वाद घालते. या दोघी म्हणजे आज कॅनडाच्या आज्या आहेत.

पण विचार करा, सुझॅनानं ॲग्नेसमावशीला काय वाटेल म्हणून पेन खाली ठेवलं असतं तर? 'आमचं सगळं मस्त चाललंय' एवढंच उरलं असतं. एका कुटुंबाचा इतिहास म्हणून ते फार तोकडं आहे.

माझी एक मैत्रीण चार वर्षांपूर्वी ब्रॅम्प्टनला गेली. आमच्या ग्रुपवर तिचे बर्फातले फोटो येतात, लाल पानांचे येतात. पहिल्या हिवाळ्यात ती एका तळघरातल्या खोलीत राहत होती आणि गोदामात रात्रपाळी करत होती, हे तिनं मला एकदाच, फोनवर, आईला सांगू नकोस म्हणत सांगितलं. मी तिला या बहिणींबद्दल कळवलं. म्हटलं, आईला नको सांगूस हवं तर, पण कुठेतरी लिहून ठेव. तारखा, भाडं, पहिला पगार, कुणी मदत केली, कुणी फसवलं, खिडकीतून काय दिसायचं, सगळं.

तिचं उत्तर आलं, 'कोण वाचणार?'

तिची मुलगी आता तीन वर्षांची आहे. मी तेवढंच नाव लिहून पाठवलं.